चिलिका सरोवरातील नौकासहल : सातपडा, बरकुल आणि मंगळाजोडी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून जगन्नाथपुरीला निघणाऱ्या यात्रांच्या पत्रकांवर पुरी, कोणार्क आणि भुवनेश्वर यांच्या खाली बहुधा आणखी एक ओळ छापलेली असते : ‘चिलिका सरोवर, डॉल्फिन दर्शन’. प्रत्यक्षात यात्रेकरूंना पुरीहून बसने सातपड्याला नेले जाते, मोटारबोटीत बसवले जाते आणि दुपारच्या जेवणापूर्वी परत आणले जाते. अशा अर्ध्या दिवसाच्या फेरीवर खर्च करावा की करू नये, असे अनेकजण विचारतात. आम्ही या सरोवरावरील तीन ठिकाणच्या नौकासेवांचा स्वखर्चाने अनुभव घेतला असून त्यावरून बनलेले मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. सातपड्याची सहल आज ज्या पद्धतीने विकली जाते त्या पद्धतीने ती घेऊ नये. बरकुलची सेवा ठीक आहे, मात्र तिथे काय पाहायचे हे आधी ठाऊक असावे. आणि मंगळाजोडीची वाशाने ढकलत नेली जाणारी होडी ही या तिन्हींतील एकमेव सेवा अशी आहे, की जिच्यासाठी यात्रेचा एक मुक्काम वाढवावा.

या मतामागची कारणे समजण्यासाठी सरोवराची रचना थोडी समजून घ्यावी लागते, कारण बोटवाल्यांच्या बहुतेक गुणदोषांचे मूळ पाण्यातच आहे. ओडिशाच्या पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले चिलिका हे सुमारे ६४ किलोमीटर लांबीचे खारे-गोडे सरोवर असून उन्हाळ्यात त्याचे क्षेत्र ९०० चौरस किलोमीटरच्या आसपास उतरते, तर पावसाळ्यात ते ११०० चौरस किलोमीटरच्याही पुढे जाते. ईशान्येकडून दया, भार्गवी यांसारख्या महानदीच्या शाखा त्यात गोडे पाणी आणतात, पश्चिमेच्या डोंगरांतून लहान ओढे येतात, आणि पूर्वेला वाळूच्या लांबट पट्ट्यापलीकडे बंगालचा उपसागर आहे, ज्याचे पाणी भरतीबरोबर एका अरुंद खाडीवाटे आत शिरते. परिणामी एकाच सरोवराच्या उत्तर भागात पावसाळ्यात पाणी जवळजवळ गोडे असते, समुद्राला मिळणाऱ्या मुखाजवळ ते समुद्राइतके खारट असते, आणि मधल्या भागात ऋतूप्रमाणे चव बदलत राहते. एवढे मोठे पाणी असूनही ते परातीसारखे पसरट आणि उथळ आहे. बऱ्याच ठिकाणी खोली पुरुषभरही नसते. समुद्रसफरीची कल्पना मनात ठेवून आलेल्या माणसाचा इथे पहिला भ्रमनिरास होतो. बोटीचा पंखा गाळ ढवळतो, पाण्याखालच्या गवतात अडकतो, आणि नावाडी दर थोड्या वेळाने इंजिन उचलून गवत काढत बसतो. हा सेवेतील दोष मानू नये, कारण ते गवत सरोवर निरोगी असल्याचे लक्षण आहे.

पुरीहून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या सातपड्याच्या धक्क्यावर बोटींची मोठी रांग लागलेली असते. भाडे माणशी नसून संपूर्ण बोटीचे आणि तासांच्या हिशेबाने असते, आणि दरफलक लावलेला असतो. त्यामुळे आठ-दहा जणांच्या गटाला ही सहल परवडते, मात्र दोघांच्या कुटुंबाला ती महाग पडते. जीवरक्षक जाकिटे दिली जातात; आमच्या बोटीतील काहींचे बंद तुटलेले होते आणि मागितल्यावर दुसरी मिळाली. मागितल्याशिवाय बदलून मिळाली नसती, याची नोंद ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी करावी.

इथे जे विकले जाते ते डॉल्फिन. चिलिकातील डॉल्फिन हे इरावती जातीचे असून त्यांची संख्या अलीकडच्या गणनांत दीडशेच्या आसपास राहिली आहे. भारतात सरोवरात राहणारा या जातीचा हा एकमेव समूह आहे, आणि जगात असे दुसरे उदाहरण थायलंडच्या सोंगखला सरोवराचे. या प्राण्याचे डोके बोथट असते, त्याला चोच नसते, आणि तो चित्रपटांतील डॉल्फिनसारख्या उड्या मारत नाही. श्वास घेण्यासाठी तो क्षणभर वर येतो, करडी पाठ आणि छोटासा पर दिसतो, आणि तो पुन्हा खाली जातो. ज्याला हे आधी सांगितलेले असते तो एवढ्यावर समाधानी होतो. सांगितलेले नसते त्याला फसवल्यासारखे वाटते, आणि मग नावाड्यावर ‘जवळ घे, आणखी जवळ घे’ असा दबाव येतो. त्यातून या सेवेचा सर्वांत मोठा दोष उद्भवतो. एका बोटीला डॉल्फिन दिसला की पाच-सहा बोटी चारही बाजूंनी त्याच्या मागे लागतात. बोटीच्या पंख्याने डॉल्फिन जखमी होतात आणि इंजिनांच्या आवाजाने त्यांच्या शिकारीत व्यत्यय येतो, हे तेथील अभ्यासकांनी वारंवार मांडले आहे. पाठलाग करू नये असे धक्क्यावरच्या फलकावरही लिहिलेले होते. आमच्या नावाड्याला आम्ही इंजिन बंद करून थांबायला सांगितले तेव्हा तो आधी चकित झाला. मात्र थांबल्यानंतर काही वेळातच दोन पाठी बोटीपासून फार दूर नसलेल्या पाण्यात वर आल्या. थांबायला सांगणारे गिऱ्हाईक वाढले तर नावाडीही थांबतील, असे त्याच्या बोलण्यावरून वाटले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सहलीच्या वाटेत बोट वाळूच्या एका बेटाला लावली जाते. तेथे एक माणूस टोपलीतले शिंपले तुमच्यासमोर फोडतो आणि त्यातून मोती काढतो, कधी पोवळे, तर कधी चक्क रंगीत खडा. शिंपल्यात माणिक तयार होत नाही एवढे सांगायला प्राणिशास्त्र शिकावे लागत नाही, पण आमच्या शेजारच्या बोटीतील, आपल्याच भागातील वाटणाऱ्या एका काकूंनी चांगलीच रक्कम मोजून ‘नवरत्न’ घेतले. नावाडी या वेळी पाण्याकडे पाहत होता. त्याला त्यात वाटा मिळतो की नाही हे आम्ही ठरवू शकत नाही, तरी बोट तेथे लावण्याचा आग्रह त्याचाच होता. बोट ठरवतानाच ‘मोतीवाल्या बेटावर थांबायचे नाही’ असे स्पष्ट सांगावे; तेवढा वेळ मुखाजवळ जाण्यात घालवता येतो.

आमच्या मते सातपड्याला पाहण्यासारखे खरे काही असेल तर ते हे मुखच होय, आणि नेमके तेच कोणी दाखवत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर वाळू प्रामुख्याने ईशान्येकडे सरकत असते. त्या वाळूमुळे सरोवराचे मुख हळूहळू उत्तरेकडे ढकलले जाते, खाडी लांबत जाते आणि भरतीचे पाणी आत पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत असेच घडले. नद्यांनी आणलेला गाळ साचला, खारटपणा कमी झाला, जलपर्णी आणि नळ या उंच पाणगवताची बेटे वाढली, आणि समुद्रातून आत येणारी कोळंबीची व माशांची पिल्ले येईनाशी झाली. १९८१ मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेले, म्हणजे भारतातील पहिल्या दोन स्थळांपैकी एक असलेले हे सरोवर १९९३ मध्ये त्याच कराराच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत टाकावे लागले. त्यानंतर चिलिका विकास प्राधिकरणाने जो उपाय केला त्याचा अभ्यास आपल्या ओळखीच्या ठिकाणी झालेला आहे : पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने केलेल्या अभ्यासाच्या आधारे वाळूचा पट्टा सिपाकुडाजवळ कापायचे ठरले आणि २३ सप्टेंबर २००० रोजी नवे मुख उघडण्यात आले. त्यामुळे समुद्राकडची वाट सुमारे १८ किलोमीटरने कमी झाली. १९९९-२००० मध्ये सुमारे १७०० टनांवर घसरलेली वार्षिक मासळी दोन वर्षांत बारा हजार टनांच्या जवळ गेली, आणि २००२ मध्ये सरोवर त्या धोक्याच्या यादीतून बाहेर आले. नुसते वाचताना हे आकडे कोरडे वाटतात. मात्र मुखाजवळ बोट थांबवून भरतीचे गढूळ पाणी आत ढकलले जाताना पाहिले, की त्यांचा अर्थ लागतो. महादयी खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात समुद्राला मिळते हे आपण जाणतो आणि पणजीला तिचे मुख पाहतो. पण ते मुख स्थिर आहे. इथले मुख वाळूवर बेतलेले असून वादळानेही बदलते. २०१३ चे फायलिन आणि २०१९ चे फनी या दोन्ही वादळांनी वाळूचा पट्टा नव्या ठिकाणी फोडला होता. एवढे पाच मिनिटांत सांगू शकेल असा एक वाटाड्या प्रत्येक धक्क्यावर ठेवला, तरी या सहलीची किंमत दुप्पट वाटेल.

मराठी माणसासाठी इथे आणखी एक गोष्ट आहे, जी अर्थातच कोणी सांगत नाही. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८०३ मध्ये कर्नल हारकोर्टच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य गंजामहून निघाले ते सरोवर आणि समुद्र यांच्यामधल्या याच वाळूच्या पट्ट्यावरून, आणि माणिकपाटण्याची खाडी ओलांडून पुरीत शिरले. बोटीतून तो चिंचोळा पट्टा पाहताना, एवढी अडचणीची वाट राखता कशी आली नाही, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. असो.

बरकुलचा धक्का सरोवराच्या पश्चिम काठावर, हावडा-चेन्नई मार्गावरील बालुगावपासून अगदी जवळ आहे. येथील पर्यटक निवास, धक्का आणि बोटींची व्यवस्था सातपड्यापेक्षा शिस्तीची वाटली. पावती मिळाली, जाकिटे धड होती, आणि फेरीची वेळ पाळली गेली. येथून बोटी कालीजाई बेटावर जातात. लग्नाच्या वाटेवर वादळात बुडालेली जाई नावाची नवरी हीच इथली देवी, असे मानतात; तिच्यावर कोळ्यांची मोठी श्रद्धा आहे, आणि मकरसंक्रांतीला तेथे जत्रा भरते. त्या काळात जाणे टाळावे, कारण बोटीसाठी तासन्‌तास उभे राहावे लागते. देऊळ लहान आहे. दर्शन, नारळ, परत, एवढीच फेरी. नळबणाची फेरी अधिक मोलाची. सुमारे १५ चौरस किलोमीटरचे हे पक्षी अभयारण्य पावसाळ्यात पूर्णपणे पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात वर येऊन लाखो पक्ष्यांचे चरण्याचे ठिकाण बनते. त्यावर मोकळे फिरता येत नाही आणि बोट दूरच थांबवतात, ते योग्यच आहे. मात्र दुर्बीण नसेल तर क्षितिजावर पांढरी-करडी रेघ दिसते आणि पैसे वाया गेल्याची भावना होते. धक्क्यावर दुर्बिणी भाड्याने मिळाल्या असत्या तर आम्ही या फेरीला सढळ हाताने गुण दिले असते.

बरकुलला उतरणाऱ्याने बोटीआधी किंवा नंतर बालुगावच्या मासळी बाजारात पहाटे एक फेरी मारावीच, कारण सरोवराचे आर्थिक महत्त्व तेथे तराजूवर दिसते. काठच्या शंभराहून अधिक कोळीवाड्यांतील दीड ते दोन लाख लोकांचे पोट या पाण्यावर चालते. येणाऱ्या मासळीत बोय, चणक आणि तऱ्हेतऱ्हेचे लहान मासे वजनाने जास्त असले, तरी पैसा कोळंबी आणि खेकड्यात आहे. मोठे खेकडे आणि वाघी कोळंबी बर्फात बांधून त्याच दिवशी कोलकात्याकडे आणि निर्यातदारांकडे रवाना होतात, आणि काठावरच्या माणसाच्या ताटात उरते ती बारीक मासळी. आपल्या बेळगावच्या कॅम्पातील मासळी बाजारात गोवा, कारवार आणि मालवणहून आलेल्या मासळीची जी प्रतवारी होते ती पाहिलेल्याला हा हिशेब लगेच कळेल.

या कोळंबीच्या पैशानेच सरोवरात भांडणेही आणली. १९८०नंतर निर्यातीचे भाव वाढले तेव्हा बाहेरच्या पैसेवाल्यांनी उथळ पाण्यात बांध आणि जाळी घालून घेऱ्या, म्हणजे कोळंबी वाढवण्याची बंदिस्त कुंपणे, उभ्या केल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक पाण्यात ठरावीक जाळे टाकणाऱ्या केउट, कंडरा, तियर या कोळी जातींची वहिवाट मोडली. १९९०च्या सुमारास एका मोठ्या उद्योगसमूहाचा कोळंबी प्रकल्प लोकांच्या आंदोलनामुळे बारगळला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिका आणि पुलिकत या दोन्ही सरोवरांच्या १००० मीटरच्या आत कोळंबी संवर्धनाला मनाई केली. तरी घेऱ्या लगेच उठल्या नाहीत. अलीकडच्या काळात प्रशासनाने त्या मोठ्या प्रमाणावर मोडून काढल्या, आणि तरीही बरकुलहून जाताना पाण्यात बांबूंच्या रांगा दिसतात. त्यांतल्या कोणत्या पारंपरिक मासेमारीच्या आणि कोणत्या घेरीच्या, हे आमच्या नावाड्याला बारकाईने ठाऊक होते. त्याने ते मोडक्या हिंदीत, पण मन लावून सांगितले, आणि त्या अर्ध्या तासासाठी आम्ही त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले.

मंगळाजोडी हे टांगीजवळचे, सरोवराच्या उत्तर टोकाचे गाव. येथे समुद्राचा खारेपणा फारसा पोहोचत नाही, नळांची दाटी आहे, आणि त्यांमधून काढलेल्या अरुंद पाणवाटांनी सपाट बुडाच्या होड्या वाशाने ढकलत नेतात. इंजिन नाही, त्यामुळे आवाज नाही, आणि म्हणून पक्षी उडून जात नाहीत. शेवाळ्यात चोच खुपसून चरणारे पाणटिवळे होडीपासून दहा-पंधरा हातांवर तसेच चरत राहतात. या गावातील अनेकजण एके काळी याच पक्ष्यांची शिकार करून ते बाजारात विकत असत. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांनी शिकार सोडण्याची शपथ घेतली, संरक्षण समिती स्थापन केली, आणि आज तेच वाटाडे म्हणून होडीत उभे असतात. शिकाऱ्याची नजर काय असते हे इथे समजते. नळाच्या रंगाशी एकरूप झालेला बगळा आम्हाला बोट दाखवूनही दिसत नव्हता, तेव्हा आमचा वाटाड्या न वैतागता होडी वळवत राहिला. त्याने दिलेली दुर्बीण चांगली होती. गदगजवळच्या मागडी तळ्यावर हिवाळ्यात पट्टकादंब पाहण्यासाठी जाणारी काही मंडळी बेळगावात आहेत. त्यांना येथे ते तर दिसतीलच, शिवाय तलवार बदक, थापट्या, जांभळी पाणकोंबडी आणि सुरय यांचे थवे इतक्या जवळून दिसतील की यादी करणे सुचणार नाही. संपूर्ण सरोवरावर अलीकडच्या हिवाळी गणनांत दहा-अकरा लाख पक्षी नोंदले गेले आहेत, आणि त्यांतील मोठा भाग मध्य आशिया व सैबेरियाकडून आलेला असतो.

येथेही उणिवा आहेत. होडी अरुंद असल्याने गुडघेदुखी असलेल्यांना मांडी घालून किंवा आखूड बाकावर बसणे जड जाते. डोक्यावरचे छप्पर सर्व होड्यांना नसते. आणि धक्क्याजवळच्या स्वच्छतागृहाची अवस्था सुधारण्यासारखी आहे. पहाटे सूर्योदयाच्या सुमारास निघणारी फेरी घेतली तर ऊन लागत नाही, आणि पक्षीही त्याच वेळी सर्वाधिक हालचाल करतात. दुपारची फेरी घेऊ नये.

जेवणाबद्दल. बरकुल आणि बालुगाव येथे खेकड्याचे आणि कोळंबीचे कालवण ताजे मिळते आणि खेकडा निवडून वजन करून घेता येतो. ताजेपणाबद्दल शंका नाही, मात्र मोहरीचे तेल आणि वाटलेली मोहरी यांचा वास आपल्या जिभेला पहिल्या घासाला खटकतो, आणि कोकमाचा आंबटपणा नसल्याने रस्सा अपुरा वाटतो. तळलेली कोळंबी मागवावी. ती कोणालाही आवडेल. शाकाहारी मंडळींना भाज्या घालून केलेली डाळ, म्हणजे दालमा, आणि भात सर्वत्र मिळतो, तिखट बेताचे असते, आणि यात्रेतील ज्येष्ठांना तोच आहार मानवला.

प्रवासाबाबत इतकेच, की वास्कोहून बंगालकडे जाणारी अमरावती एक्सप्रेस लोंढा आणि हुबळीवरून जाते आणि ठरावीक वारांनाच धावते. तिने ब्रह्मपूर किंवा खुर्दा रोडला उतरून पुढे स्थानिक गाडीने किंवा मोटारीने यावे. रंभा ते बालुगाव या टप्प्यात उजव्या बाजूच्या खिडकीतून सरोवर दिसते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ योग्य. मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत जाणाऱ्यांना पक्षी मिळणार नाहीत आणि उकाडा मात्र भरपूर मिळेल. यात्रा कंपनीशी बोलताना सातपड्याऐवजी, किंवा निदान सातपड्याबरोबर, मंगळाजोडीचा मुक्काम मागावा. भुवनेश्वरहून ते अंतर साधारण ७५ किलोमीटर असल्याने बस वळवणे अवघड नाही. आमच्या कंपनीने सुरुवातीला ‘तिथे काही नाही’ असे उत्तर दिले होते. दहा-बारा यात्रेकरूंनी एकत्र मागणी केल्यावर ती मान्य झाली, आणि वाढीव खर्च वाटून घेतल्यावर तो पुरीतील एका दिवसाच्या राहण्याहून कमी पडला.